यंत्राची खांदशेकणी कोण करणार?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या भागात बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर ज्या खांद्यावर जू राहिले, तो खांदा शेकायचा, त्याला हळद आणि लोणी-तूप चोळायचे, उद्याच्या जेवणाचे आवतन द्यायचे. ही रीत कोणी कोणाला शिकवावी लागत नाही. ज्या घरी स्वतःला तूप मिळण्याची मारामार, त्या घरीसुद्धा बैलाच्या खांद्याला त्या दिवशी तूप लागत असे.

आता पुष्कळ सभासदांच्या गोठ्यातील दावण रिकामी आहे. जिथे जोडी बांधली जायची, तिथे पेट्रोलवर चालणारा लहान टिलर उभा असतो. कोणी त्याला वीडर म्हणतो, कोणी छोटा ट्रॅक्टर म्हणतो. नाव काही असो, बैलाच्या जागी तो आला, हे खरे. परंतु बैलाला जी चाकरी मिळत होती ती काही त्याच्या वाट्याला आली नाही. वडनेर भोलजी गटात आम्ही शिवार फिरतो, तेव्हा चालू यंत्रे जशी दिसतात तशीच ताडपत्रीखाली झाकलेली, कोंबड्या बसलेली, गंजलेलीही दिसतात. विचारले की उत्तर ठरलेले, "साहेब, मशीनच खराब निंघाली."

आमचे मत याहून निराळे आहे. ती यंत्रे बहुतेक करून खराब निघालेली नाहीत. ती आपण उपाशी ठेवली आहेत. आणि यात दोष एकट्या सभासदाचा नाही, आमचाही आहे. तो कसा, हे शेवटी सांगतो.

हे यंत्र आहे तरी काय

फिरत्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करण्याची कल्पना आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९१२ च्या सुमारास वडिलांच्या शेतावर करून पाहिली. सुरुवातीची पाती माती बाजूला फेकत, म्हणून त्याने ती काटकोनात वाकवली. १९२० साली त्याने पेटंट घेतले. आज आपल्या टिलरला जी इंग्रजी एल अक्षरासारखी वाकलेली पाती असतात, त्यांचे मूळ तिथे आहे. आपल्या देशात साठच्या दशकात जपानी बनावटीचे पॉवर टिलर आले. ते मोठे, डिझेलवर चालणारे, मुख्यतः भातशेतीत चिखलणीसाठी. उसाच्या दोन सऱ्यांमध्ये फिरणारे आताचे पाच ते सात अश्वशक्तीचे पेट्रोल यंत्र हा त्याचा धाकटा भाऊ समजावा.

हे यंत्र म्हणजे नांगर नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. पडीक काळी जमीन मेच्या उन्हात फोडायला ते आणलेले नाही. त्याचे खरे काम आंतरमशागतीचे आहे. तण कोवळे असताना काढणे, खतावर माती लावणे, बाळबांधणीला माती मोकळी करून देणे, खोडव्याच्या बगला फोडल्यावर ढेकळे बारीक करणे. लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने तणाने उसाशी स्पर्धा केली, की ते नुकसान पुढे कितीही युरिया टाकला तरी भरून येत नाही. याच वेळी निंदणाला बाया मिळत नाहीत, कारण त्याच आठवड्यात सगळ्यांना त्या हव्या असतात. म्हणून यंत्र पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मात्र यंत्र आले म्हणून निंदणारी बाई नको झाली, असे कोणी समजू नये. यंत्र दोन ओळींमधले तण काढते. बेटातले आणि ओळीतले तण काढायला हातच लागतो. ती कामे दोघांत वाटून घ्यावीत आणि बाईची मजुरी यंत्राच्या नावाने कापू नये.

नारळ फोडला, ऑइल राहिले

आमच्या गटातील एका सभासदाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. घरचा भला माणूस, कपाशीतून उसाकडे वळलेला. अनुदानाचा अर्ज केला, नंबर लागला, उरलेले पैसे सोसायटीतून उचलले आणि टिलर घरी आला. महामार्गावर गाडीतून उतरवतानाच गावातली पोरे जमली. कुंकू लावले, उदबत्ती लावली, नारळ फोडला, पेट्रोल भरले आणि दोरी ओढली. यंत्र सुरू झाले. पेढे वाटून होईपर्यंत ते चालले आणि मग खर्र आवाज करून जे थांबले ते थांबलेच. दोरी ओढली जाईना.

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. ऑइलचे बूच उघडले, पट्टी कोरडी ठणठणीत. सभासद म्हणाला, "काऊन जी, नव्या मशीनमधी तेल नसते? आमाले वाटलं कंपनीनं भरूनच देल्लं असन."

बंधूंनो, नवीन इंजिने वाहतुकीत सांडू नये म्हणून बहुधा ऑइल न भरता पाठवतात. ते आपण भरायचे असते. काही इंजिनांना ऑइल कमी झाल्यास आपोआप बंद पडण्याची सोय असते, सगळ्यांना नसते. हे त्या सभासदाला विकणाऱ्याने सांगायला हवे होते, ते सांगितले नाही. पण सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले होते. पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती देवळीत ठेवलेली होती. म्हणजे अज्ञान कोणा एकाचे नव्हते, ते साखळीने आले होते.

या चुकीमागे आणखी एक कारण आहे. आपल्यापैकी अनेकांनी फवारणीचा पेट्रोल पंप वापरला आहे. त्यातले इंजिन पुष्कळदा दोन स्ट्रोकचे असते आणि त्याचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. टिलरचे इंजिन सहसा चार स्ट्रोकचे. त्याचे ऑइल वेगळ्या खोलीत, पेट्रोल वेगळ्या टाकीत. फवारणीची सवय टिलरला लावली की दोन्हीकडून घोटाळा होतो. पेट्रोलमध्ये ऑइल गेले तर धूर आणि काजळी. इंजिनात ऑइल नसले तर पिस्टन धरला. पहिल्याचा खर्च प्लग साफ करण्याचा, दुसऱ्याचा खर्च जवळजवळ नव्या इंजिनाचा. आणि कर्जाचा हप्ता दोन्ही प्रकारांत तेवढाच.

टिलरचे काम लागणीच्या दिवशी सुरू होते

आता पुढचा मुद्दा, जो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ सभासद तीन फुटी सरीत ऊस लावतात आणि मग टिलर आणतात. तो टिलर सरीत मावत नाही. मावला तर फुटवे मोडतो. मग दोष पुन्हा यंत्राला.

हिशेब करून पाहा. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. सरीतील अंतर पाच फूट ठेवले तर एकरात ८,७१२ फूट, म्हणजे अडीच किलोमीटरपेक्षा थोडी जास्त लांबीची ओळ होते. टिलरमागे माणूस तासाला दोन किलोमीटरच्या चालीने गेला, तर एका फेरीस सव्वा ते दीड तास लागतो; वळणे, पाते मोकळे करणे, पाणी पिणे धरून दोन तास म्हणा. तेच तीन फुटी सरीत १४,५२० फूट, म्हणजे साडेचार किलोमीटरच्या घरात चालावे लागते. चाल वाढली, पेट्रोल वाढले आणि ऊसही मोडला. म्हणून आमचे सांगणे, ज्याला टिलर वापरायचा आहे त्याने लागणीच्या आधी टिलरची रुंदी टेपने मोजावी आणि साडेचार-पाच फुटांची सरी पाडावी. पट्टा पद्धत असेल तर मोकळा पट्टा त्या मापाने ठेवावा. जोडीदाराच्या मापाचे जू असावे लागते, तसेच हे.

ठिबक असेल तर आणखी एक गोष्ट. फेरीच्या आधी नळ्या उचलून बेटाजवळ घ्याव्यात. पात्यात सापडलेली नळी तुटते ती तुटतेच, शिवाय दांड्याला सुतासारखी गुंडाळली जाते आणि सोडवताना अर्धा दिवस जातो.

वाफसा, पाते आणि पाचट

आपली जमीन काळी. पूर्णेच्या बाजूला तर खारपाणपट्ट्याची, ओली झाली की चिकट आणि वाळली की दगड. या जमिनीत यंत्र घालण्याचे दिवस मोजके असतात. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर तो फुटावा, तो वाफसा. गोळा न फुटता बोटाला चिकटला तर टिलर घरी ठेवा. ओल्या मातीत पाती फिरवली तर वरची माती लोण्यासारखी दिसते, पण खाली पात्यांच्या टोकाशी घट्ट थर बसतो. मुळी त्या थरावर आडवी पसरते आणि पाणीही वर तुंबते. खारवट जमिनीला निचरा आधीच कमी, त्यात हा थर म्हणजे दुखण्यावर डाग.

खोल जाण्याचा मोह टाळावा. मागे खोलीची जी पट्टी असते ती आधी वर ठेवून उथळ फेरी घ्यावी. गरज असेल तर दुसरी फेरी. एकाच फेरीत सहा इंच गाठू पाहणारा माणूस इंजिनाचा आणि स्वतःच्या मनगटाचा शत्रू आहे. यंत्र उड्या मारू लागले तर ते जमिनीशी भांडते आहे असे समजावे. गॅस कमी करावा, चाल कमी करावी. हँडल दाबून धरण्यात पुरुषार्थ नाही.

पाती बसवताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला असावी. डावे-उजवे उलट बसले तर यंत्र चालते, पण खणत नाही, नुसते धक्के देते. नव्या यंत्राचे नटबोल्ट पहिल्या काही तासांतच ढिले होतात, म्हणून पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी आवळावेत. पात्याचा बोल्ट तुटला तर तसाच कणखर बोल्ट घ्यावा; दुकानातला साधा बोल्ट घातला तर तो ऐन सरीत तुटतो आणि पाते कोणाच्या पायाकडे जाईल याचा नेम नाही.

खोडव्यात पाचट जाळू नका, असे आम्ही सतत सांगतो, आणि सांगत राहू. पण पाचट ठेवलेल्या सरीत टिलर घालू नये, हेही सांगितले पाहिजे. लांब पाचट दांड्याला गुंडाळते, गुंडाळता गुंडाळता ऑइल सीलमध्ये शिरते, सील फाटते आणि गिअरपेटीतील तेल गळते. पाचट एका सरीआड गोळा करावे आणि मोकळ्या सरीतून यंत्र फिरवावे. आणखी एक धोका. तापलेला सायलेन्सर आणि वाळलेले पाचट यांची भेट होऊ देऊ नका. काम थांबवले की यंत्र मोकळ्या मातीवर किंवा बांधावर उभे करावे. आपल्याकडील एप्रिल-मेचे ऊन आणि वारा पाहता एक ठिणगी चार सभासदांचा ऊस नेईल.

रोज पाच मिनिटे

बैलाला रोज चारा-पाणी लागायचे, काम असो वा नसो. टिलरला एवढे लागत नाही. पण जे लागते ते वेळेवर लागते. आम्ही क्रमाने सांगतो, कापून भिंतीला लावावे.

रोज सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागेवर ठेवून इंजिन ऑइलची पट्टी पाहावी. कमी असेल तर पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच भरावे. जास्त भरणेही वाईट. पेट्रोल गाळणीतून भरावे, इंजिन गार असताना, आणि त्या वेळी तोंडात विडी नको. नटबोल्ट, क्लचची तार आणि पट्ट्याचा ताण हाताने पाहावा.

एअर फिल्टर हे इंजिनाचे नाक आहे. वाळलेल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते; ती सिलिंडरमध्ये गेली की कानशीसारखी घासते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून पिळावा आणि बसवावा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, हलका झटकायचा आणि खराब झाला की बदलायचा. खालच्या वाटीत ऑइल असलेला फिल्टर असेल तर ते ऑइल गढूळ झाले की बदलावे. धुळीच्या दिवसांत हे रोज पाहावे. फिल्टर काढून टाकून "पिकअप चांगला येते" म्हणणारे मिस्त्री आम्हाला भेटले आहेत. पिकअप येतो खरा, इंजिन मात्र जाते.

इंजिनाला पाण्याची टाकी नसते, ते वाऱ्याने थंड होते. म्हणून सिलिंडरवरच्या पट्ट्यांत अडकलेला भुसा, माती ब्रशने काढावी. तापलेल्या इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नये.

इंजिन ऑइल पहिल्यांदा साधारण २० तासांनी बदलावे, कारण नव्या भागांचा कीस त्यात उतरतो. पुढे पुस्तिकेत दिलेल्या तासांनी. आपल्या धुळीत ५० तास ही मर्यादा आम्ही धरतो. पुन्हा हिशेब करा. एकराला एका फेरीस दोन तास, हंगामात तीन फेऱ्या, म्हणजे सहा तास. आठ एकर ऊस असणाऱ्याचे हंगामात ४८ तास भरले. म्हणजे घरच्यापुरते वापरणाऱ्याला वर्षातून एकदाच ऑइल बदलायचे आहे. आणि जो भाड्याने रोज आठ तास चालवतो, त्याला दर आठवड्याला. भाड्याने चालणारी यंत्रे लवकर का मरतात, याचे उत्तर या दोन ओळींत आहे. एका वेळी लागणारे ऑइल अर्धा-पाऊण लिटरच्या आसपास असते. एवढ्यासाठी हजारोंचे इंजिन मारू नये.

प्लग अधूनमधून काढून पाहावा. तपकिरी कोरडा असेल तर तब्येत ठीक. काळा काजळलेला असेल तर फिल्टर तुंबला किंवा चोक उघडायचा राहिला. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले. गिअरपेटीचे तेल वेगळे असते, तेही तपासावे. दांड्याशी तेलाचा डाग दिसला की सील पाहून घ्यावी.

आणि एक वही ठेवावी. तारीख, तास, ऑइल, दुरुस्ती. सोसायटीचे पासबुक जपता, तशी ती जपावी. दोघा-तिघा भावांत एक यंत्र असेल तर वही आणि किल्ली एकाकडेच असावी. ज्याचे सगळे मालक, त्याचा चाकर कोणी नाही.

आपल्याच उसाचे इथेनॉल

आता जे सांगणार आहोत ते कारखान्याच्या पत्रिकेत लिहिताना जरा संकोच होतो, पण सभासदांपासून लपवणे बरे नव्हे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम २००१ साली सुरू झाले, त्यात आपल्या राज्यातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस आले आणि ते आता सर्वत्र झाले आहे. उसाला यामुळे आधार मिळाला. साखर पडून राहिली तरी इथेनॉलचे पैसे येतात आणि त्यातून सभासदाचे देणे भागवता येते. या धोरणाच्या आम्ही बाजूचेच आहोत.

पण इथेनॉलचा एक स्वभाव आहे. ते हवेतील ओल ओढते. रोज धावणाऱ्या मोटरसायकलला त्याचे फारसे काही वाटत नाही, कारण टाकी रिकामी होते आणि भरते. आपला टिलर मात्र मोठ्या बांधणीनंतर उभा राहतो तो पावसाळाभर. अर्धी टाकी पेट्रोल, वरून अर्धी टाकी दमट हवा. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसते. तिथूनच नळी कार्बोरेटरला जाते. कार्बोरेटरमधले बारीक छिद्र गंजाने आणि चिकट साक्याने बुजते, जुन्या रबरी नळ्या फुगतात. मग पूर्वहंगामी लागणीच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि आपण म्हणतो, मशीन खराब निंघाली.

उपाय सोपा आहे. कॅनमध्ये महिन्याभरापेक्षा जास्त दिवसांचे पेट्रोल साठवू नये. यंत्र तीन-चार आठवड्यांहून अधिक उभे राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. हे इंजिन उघड्यावर चालवावे. बंद खोलीतला धूर माणूस मारतो. प्लग काढून चमचाभर स्वच्छ ऑइल आत सोडावे, दोरी सावकाश दोनदा ओढावी, प्लग परत लावावा. पाती धुऊन, वाळवून त्यांना जुने ऑइल पुसावे. जे इथेनॉल आपल्या घामातून तयार झाले, त्यानेच आपले यंत्र बंद पाडावे, एवढा निष्काळजीपणा आपण करू नये.

क्लचला बांधलेली सुतळी

यंत्र बिघडले तर पैसे जातात. पुढची गोष्ट पैशाची नाही.

टिलरच्या हँडलला एक दांडा असतो. तो दाबून धरला तरच पाती फिरतात, सोडला की थांबतात. तो माणसाच्या जिवासाठी ठेवलेला आहे. परंतु दिवसभर दाबून बोटे भरून येतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो सुतळीने किंवा सायकलच्या ट्यूबने बांधून टाकलेला आम्ही पाहिला आहे. शेजारच्या गावात दोन वर्षांपूर्वी एक पोरगा बांधाजवळ यंत्र मागे घेत होता. पायात चप्पल. टाच ढेकळाला अडली, तो पाठीवर पडला. हात सुटले, पण दांडा सुतळीने बांधलेला होता. यंत्र त्याच्या पायावर चढले. उजव्या पायाची दोन बोटे गेली. तो सालदाराचा मुलगा होता, यंत्र मालकाचे होते आणि सुतळी कोणी बांधली हे आजवर कोणी सांगत नाही.

आम्ही त्याला पाहायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "साहेब, सगळेच बांधतात." या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण आम्हीही ती सुतळी अनेक शेतांत पाहिली होती आणि काही न बोलता पुढे गेलो होतो.

म्हणून आता स्पष्ट सांगतो. दांडा बांधू नका. बोटे दुखत असतील तर क्लचची तार ताठ झाली आहे, तिला तेल द्या, ती जुळवून घ्या. आणि तासाभराने माणूस बदला. मागे घेताना गॅस कमी, नजर मागे, पाठीशी झाड, भिंत किंवा विहिरीचा कठडा नको. पात्यात काही अडकले तर आधी इंजिन बंद, मग प्लगची टोपी काढणे, मग हात. धोतराचा सोगा, गळ्यातला दुपट्टा, ओढणी, पदर, काही लोंबते नको. पायात बूट हवेत. लेकरे दहा पावलांच्या आत नकोत. आणि सालदाराच्या हाती यंत्र देण्याआधी मालकाने स्वतः एक सरी चालवून दाखवावी. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गेल्यास १ लाख आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात, ही सोय शेतकरी कुटुंबासाठी आहे. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बिनजमिनीच्या माणसाला तिचा आधार नाही. त्याचा विचार मालकानेच करायचा असतो.

आमचा दोष

सुरुवातीला म्हटले, दोष आमचाही आहे. आमच्या मासिक अहवालात "औजारे वाटप" असा एक रकाना आहे. त्यात आम्ही दर महिन्याला आकडा लिहितो. आकडा वाढला की वरचे खूश, आम्ही खूश. "औजारे चालू" असा रकाना त्या तक्त्यात नाही. यंत्र सभासदाच्या दारात उतरले की आमचे काम संपले, असे आम्हीच मानत आलो. ज्या दिवशी त्या सभासदाचे नवे इंजिन धरले, त्या दिवशीही ते आमच्या कागदावर "वाटप पूर्ण" होते.

हे बदलावे, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही संचालक मंडळापुढे लेखी ठेवत आहोत. पहिले, तक्त्यात चालू यंत्रांचा रकाना घालावा. दुसरे, कारखान्याच्या वर्कशॉपमधील मिस्त्रींनी गळीत सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गटात दोन दिवसांचे शिबिर घ्यावे. कारखान्याची अवजड यंत्रे जे हात दुरुस्त करतात, त्यांना ही लहान इंजिने जड नाहीत. तिसरे, गटातील दोन-तीन तरुण, त्यांत शेतमजुरांची मुलेही, या दुरुस्तीत तयार करावीत. आणि चौथे, सभासदाने यंत्र पसंत करताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. पाती, पट्टा, सील, क्लचची तार तालुक्याला मिळतात काय? मराठी पुस्तिका आहे काय? शेतात येऊन चालवून दाखवाल काय? तिन्हींचे उत्तर "होय" नसेल तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

यावर काही सभासद म्हणतील, कारखान्याने हे कशाला करावे, यंत्र ज्याचे त्याने पाहावे. आम्हाला ते पटत नाही. १९५० साली प्रवरेच्या काठी आपल्या राज्यातला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो एकट्याला न पेलणारे काम दहा जणांनी मिळून पेलावे म्हणून. तण वेळेवर निघाले तर ऊस वाढतो, ऊस वाढला तर गाळप वाढते. सभासदाच्या गोठ्यात बंद पडलेला टिलर हा कारखान्याचाही तोटा आहे.

खंडेनवमी येते आहे. आपण औजारांना कुंकू लावू, झेंडूची माळ घालू. यंदा एवढे करावे. माळ घालण्याआधी ऑइलचे बूच उघडून पट्टी पाहावी. काळे झालेले ऑइल काढावे, ताजे भरावे. फिल्टर धुवावा. आणि हँडलला सुतळी बांधलेली असेल तर ती सोडून फेकून द्यावी. बैलाच्या खांद्याला आपण तूप लावत होतो ते तो मागत होता म्हणून नव्हे. त्याच्या जिवावर आपले घर चालते, ही जाण होती म्हणून. ती जाण यंत्राबाबत, आणि यंत्र चालवणाऱ्या हातांबाबतही, राहावी एवढीच विनंती.

शिबिराची तारीख ठरताच गट कार्यालयाच्या फळ्यावर लावली जाईल. येताना टिलर आणावा. बंद असला तरी आणावा. बंद असेल तर आधी आणावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी